आधी समोरच्याची बाजू

मिस्टर फेन्टनशी भांडता येत नसे. सव्वीस वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले आणि पुष्कळ प्रयत्न करून पाहिला. भांडणात मी काही कच्ची नव्हे. आमच्या ह्यांना विचारलं असतं तर त्यांनी दाखला दिला असता, पण ते बिचारे आता सुटले.

पहिलं भांडण पेअरच्या झाडावरून. कॉव्हेंट्रीतलं हे घर घेतलं तेव्हा मी अट्ठेचाळीस वर्षांची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन, आमच्या बौद्ध महिला मंडळाची सेक्रेटरी, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मला पाठ. शेजारचं पेअरचं झाड कुंपणावरून आमच्याकडे झुकलेलं. फळं पडायची, कुजायची, त्यावर गांधीलमाश्या यायच्या. मी कागदावर मुद्दे लिहिले, चांगला कोट घातला, लिपस्टिक लावली आणि भांडायला गेले. हो, लिपस्टिक. गोऱ्या माणसाशी भांडताना आपले ओठ त्याला स्वच्छ दिसले पाहिजेत, असं तेव्हा माझं मत होतं.

दार एका उंच, खांद्यात वाकलेल्या माणसाने उघडलं. कार्डिगनची बटणं एका घराने चुकलेली. माझी दोन वाक्यं ऐकून ते म्हणाले, “आत या. हे उभ्याने बोलण्यासारखं नाही.” आत जिकडेतिकडे पुस्तकं. एका खुर्चीवरची पुस्तकं दुसऱ्या खुर्चीवर ठेवून त्यांनी मला बसवलं, स्वतः रेडिएटरला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “म्हणजे असं दिसतं, की हे झाड तोडलं पाहिजे. एक, त्याची फळं तुमच्याकडे सडतात आणि फळ माझं तर सडकं फळही माझंच. दोन, गांधीलमाशी कुंपण ओळखत नाही, आणि तुमच्या घरात लहान मूल येत असेल. तीन, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर त्याची सावली पडते. जी बाई रांधते तिला आपण काय रांधतोय ते दिसलं पाहिजे.”

तिसरा मुद्दा माझ्या कागदावर नव्हता. मी कागद पर्समध्ये सरकवला.

मग त्यांनी एक बोट वर केलं. “याउलट,” ते म्हणाले, आणि झाडाच्या बाजूने काय म्हणता येईल ते सांगितलं. त्यांच्या आईने ते लावलेलं, त्यात ब्लॅकबर्डचं घरटं होतं, असं काहीबाही. नंतर “माझं उत्तर असं,” म्हणून जरा थांबले, माझ्याकडे पाहिलं. उत्तर मीच देऊन टाकलं. म्हटलं, झाड कशाला तोडता, आमच्या बाजूची एक फांदी काढा म्हणजे झालं. घरी आले तर हे दारातच. “काय म्हणाला?”

“पेअर दिलेत पिशवीभर,” मी म्हटलं.

ही त्यांची खोड होती. कोणत्याही गोष्टीवर स्वतःचं मत द्यायच्या आधी समोरच्याचं मत मांडायचं, आणि तेही समोरच्याला जमलं नसतं इतकं चांगलं. मग बोट वर, मग “याउलट”, मग “माझं उत्तर असं”. क्रम कधी बदलला नाही. मी लॅबमधल्या मॅनेजरच्या नावाने बोटं मोडत गेले, तर आधी मॅनेजरची बाजू. ह्यांच्या नावाने मोडत गेले, तर ह्यांची. नवऱ्याची बाजू शेजाऱ्याच्या तोंडून इतकी पटण्यासारखी ऐकल्यावर घरी जाऊन अबोला तरी कसा धरायचा.

ही खोड त्यांना लावली होती थॉमसने. आणि थॉमसचं प्रकरण सांगायचं म्हणजे मला माझीच फजिती सांगावी लागणार. सांगते.

त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी थॉमस यायचा. “थॉमसला हे पटणार नाही.” “आज सकाळभर थॉमसबरोबर होतो.” “थॉमस अंगाने फार जाड, पण मन काय चपळ.” मी मनाशी जुळवलं की वरच्या खोलीत कुणी अंथरुणाला खिळलेला भाऊ असणार. आपल्याकडे शेजारी काही पाठवायचं तर माणसं मोजून पाठवतात. बुद्धपौर्णिमेला खीर, चौदा एप्रिलच्या जयंतीला जेवणाचं ताट, सगळं मी दोन माणसांचं पाठवायची. दोन वाट्या यायच्या परत, दोन्ही धुतलेल्या. असं दोन वर्षं चाललं. मग एके दिवशी मिस्टर फेन्टन कुंपणाशी अगदी उतरलेल्या चेहऱ्याने उभे दिसले. काय झालं विचारलं तर म्हणाले, “थॉमसने लिहिणं अचानक बंद केलं. आज त्या पानाशी पोचलो.” मी तांदळाची पेज केली, त्यात जिरं घातलं, गेट वेल सूनचं कार्ड आणलं आणि गेले. म्हटलं, “आता कसे आहेत थॉमस?”

त्यांनी नीट विचार केला. “आपल्यापेक्षा बऱ्या अवस्थेत असावा, असं मानायला जागा आहे,” ते म्हणाले. “मिसेस कांबळे, तो साडेसातशे वर्षांपूर्वी वारला.”

“मग ती खीर?”

“मी खात होतो.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला? दोन वर्षं?”

“तुम्हाला सांगावं याच्या बाजूने तीन कारणं होती,” ते म्हणाले, आणि ती तिन्ही सांगितली. फार पटण्यासारखी होती. “याउलट, खीर उत्तम होती.”

असा मला थॉमस कळला. इटलीतला तेराव्या शतकातला साधू. मोठ्या घरचा मुलगा. आईच्या मनात त्याने एका श्रीमंत मठाचा प्रमुख व्हावं, तर हा निघाला भिक्षा मागणाऱ्या साधूंच्यात. म्हणून भावांनी त्याला वाटेत पकडलं आणि घरच्याच गढीत वर्षभर कोंडलं. वर्गातली मुलं त्याला मुका बैल म्हणायची, कारण तो जाड होता आणि बोलत नसे. मग बोलायला लागला तो असा, की त्याच्या पुस्तकांच्या ओझ्याने मिस्टर फेन्टनची वरची फळी मधोमध खाली आली होती. देव आहे हे तो नुसतं मानत नसे, बुद्धीने दाखवायला बघायचा. श्रद्धेने बुद्धीला भिण्याचं कारण नाही, सत्य दोन नसतात, असं त्याचं म्हणणं. आणि प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला आपल्या विरोधकाचे मुद्दे, आधी, क्रमाने, जोरात.

मिस्टर फेन्टन स्वतःही तरुणपणी अकरा वर्षं त्याच पंथात साधू होते. मग सोडलं आणि कॉलेजात लॅटिन शिकवलं. का सोडलं म्हणून मी एकदा विचारलं. त्यांनी साधू राहावं याची पाच कारणं सांगितली. पाचवं सांगून झाल्यावर चहा ओतला. मी वाट पाहिली. चहा संपला तरी “याउलट” आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

देवावरून आमचं जमणं शक्यच नव्हतं. मी बौद्ध, माझ्या घरात देवाला जागा नाही, आणि हे मी तेव्हा घरी मीटर बघायला येणाऱ्या माणसालाही सांगायची. मला वाटलं, फेन्टनसाहेब दुखावतील. त्यांना आनंद झाला. ते म्हणाले, थॉमसने देव नाही या बाजूने फक्त दोन आक्षेप मांडलेत. एक, जगात इतकं दुःख आहे. दोन, देवाला न आणताही जगाचा उलगडा होतो. “मला कायम वाटतं, तिसरा असला पाहिजे. तुम्ही द्या.”

त्यांनी एक वही केली. वर लिहिलं, मिसेस कांबळे यांचे आक्षेप. मी सेक्रेटरीच्या थाटात दर रविवारी एक आक्षेप घेऊन जायची. देव असता तर माणसाला जातीत जन्माला घालता ना, मी म्हटलं. त्यांनी माझ्या वडिलांबद्दल विचारलं, गावच्या विहिरीबद्दल विचारलं, सगळं ऐकलं, आणि लिहून झाल्यावर हळूच म्हणाले, “हा पहिल्यात येतो. पण थॉमसने तो इतका चांगला मांडलेला नाही.” मला राग आला आणि बरंही वाटलं. एकदा ते समजावत होते, की हलणारी प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाने तरी हलते, हात काठी हलवतो, काठी दगड हलवते, म्हणून सगळ्यांच्या मागे एक न हलणारा हलवणारा पाहिजे. मी म्हटलं, “आमच्या लॅबमध्ये रक्ताची बाटली माझ्याकडे पोर्टर आणतो, त्याला नर्स देते, तिला डॉक्टर सांगतो. त्याच्या मागे कोण?”

“कोण?”

“पेशंट.”

“आणि पेशंटला कोणी हलवलं?”

“खोकल्याने.”

ते इतके हसले की रेडिएटरवरचे सॉक्स पडले. एकोणीस आक्षेप झाले वहीत. अठरा पहिल्यात किंवा दुसऱ्यात बसले. एकोणिसावा असा, की पहिला कुणीतरी पाहिजेच हा हट्ट का, सगळंच एकमेकांच्या आधाराने उभं असेल तर? त्याच्यापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, विचार चालू आहे.

तो विचार पुढे चालू राहिला नाही. गेल्या तीन वर्षांत त्यांचे शब्द जायला लागले. सुरुवात नावांपासून झाली. मग वस्तू. किटलीला “ते गरम करणारं” म्हणायचे. गंमत अशी, की लॅटिन शाबूत होतं; दुधाला दूध म्हणता येत नव्हतं पण थॉमसचं पानच्या पान यायचं. दोनदा ते मला स्लिपर्समध्ये बसस्टॉपवर दिसले. “कुठे निघालात?” म्हटलं तर टोपी काढून म्हणाले, “तेच पाहतोय.” त्यांच्या चर्चमधले पाद्री एकदा मला सांगून गेले, की थॉमसला शेवटी असं काही दर्शन झालं की आपण लिहिलेलं सगळं त्याला गवतकाडीसारखं वाटलं, म्हणून त्याने लिहिणं सोडलं, कोण जाणे, आपल्या मित्राचंही तसंच असेल. भला माणूस, समजूत घालायला आला होता. पण मी रोज बघत होते. थॉमसने आपण होऊन लेखणी ठेवली. मिस्टर फेन्टन माझ्यासमोर बसून एका शब्दासाठी घामाघूम व्हायचे.

तरी घरात ते ठीक होते. हात आपोआप कपाटाकडे जायचा, पाय आपोआप जिना चढायचे. कुठलं पुस्तक कुठे आहे हे बोटांना माहीत होतं. ते एकच गोष्ट मागत, ज्या दिवशी बोलता येई त्या दिवशी मागत: “मला इथून नेऊ देऊ नका.” मी म्हटलं, नाही नेऊ देणार. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे, आणि तो तर मी मानत नाही.

मग एका सकाळी त्यांच्याकडून गॅसचा वास आला. बर्नर उघडा, काडी लावलेली नाही, आणि मिस्टर फेन्टन शेजारच्या खोलीत शांतपणे वाचत बसलेले. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि घरी येऊन त्यांच्या भाचीला फोन केला. ज्युडिथ बेसिंगस्टोकला असते, कुठल्याशा आयटी कंपनीत. फोन मी केला, हे नीट लिहून ठेवते. मला वाटलं, ती येईल, गॅसच्या जागी हॉब म्हणजे इलेक्ट्रिक शेगडी बसवेल, सकाळ-संध्याकाळ कुणी बाई लावेल. ती आलीही, हॉबबद्दल बोललीही. पण तिने सोशल वर्करलाही बोलावलं. आणि ते चूक होतं असंही मला म्हणता येत नाही.

मीटिंगच्या दिवशी मी त्यांना टाय बांधून दिला. कार्डिगनची बटणं बरोबर लावली. भीती वाटावी इतके ते त्या दिवशी टवटवीत दिसत होते. ज्युडिथ सोफ्यावर, सोशल वर्करबाई समोर फाइल घेऊन, मी चहाच्या ट्रेजवळ. बाई चांगली होती. घाई नाही, आवाज खाली. सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं, “मिस्टर फेन्टन, तुम्हाला स्वतःला कुठे राहायला आवडेल?”

ते सरळ बसले. मला कळलं, आता येणार.

“असं दिसतं,” ते म्हणाले, “की मी या घरात राहू नये.”

ज्युडिथने मान वर केली.

“एक. ज्याच्या हातून आग लागू शकते, त्याच्या घराच्या भिंती एकट्याच्या नसतात. पलीकडे मिसेस कांबळे झोपतात. दोन. माझी भाची दोन तास गाडी चालवत येते आणि फोन वाजला की घाबरते. जो आपल्यावर माया करतो त्याला झोपेचा हक्क आहे. तीन. आपण काय विसरलो हे विसरणाऱ्याला कळत नाही, म्हणून त्याने स्वतःबद्दल दिलेली साक्ष कमी धरावी.”

एकही शब्द अडकला नाही. वर्षभरात ते इतकं सलग बोलले नव्हते. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. मी मनात म्हणत होते, आता बघा, आता ऐका.

त्यांनी बोट वर केलं. “याउलट,” ते म्हणाले.

आणि थांबले.

बोट तसंच वर. त्यांनी पुस्तकांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले. सोशल वर्करने वाट पाहिली, खरंच पाहिली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “माझं उत्तर असं… मिस्टर फेन्टन, माझं उत्तर असं…”

“मिसेस कांबळे,” ती बाई हळूच म्हणाली, “त्यांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या, प्लीज.”

बोट खाली आलं. गुडघ्यावर गेलं.

“तुम्ही फार स्पष्ट बोललात,” ती त्यांना म्हणाली. “म्हणजे इथे राहणं आता ठीक नाही, असं तुम्हाला वाटतं?”

कुणी नम्रपणे विचारलं तर त्यांना नम्रपणेच उत्तर द्यायची सवय. “होय,” ते म्हणाले. “थँक यू.”

ज्युडिथ रडायला लागली. तिला सुटल्यासारखं झालं होतं. इतके दिवस त्यांना ओढून न्यावं लागेल या विचाराने ती झिजत होती. मी त्या बाईला दारात गाठलं. सांगितलं, अहो, हे त्यांचं मत नाही, हे ते दुसऱ्याचं मत सांगत होते, आधी दुसऱ्याचंच सांगतात, पुढचं राहिलं. थॉमस सांगितला, मुका बैल सांगितला, दोन आक्षेप सांगितले. माझं इंग्लिश घाईत फाटतं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “तुम्ही नातेवाईक का?”

मी तिला तीन पानी पत्रही लिहिलं. मंडळात असताना निवेदनं लिहायची सवय होती, त्यांचाही काही उपयोग झालेला मला आठवत नाही. मग ज्युडिथला फोन केला. ती चिडली नाही. म्हणाली, “मिसेस कांबळे, मी नाही म्हणत नाहीये. पुढे ते काय म्हणणार होते? तुम्ही सांगा, मी ऐकते. कारणं काय होती त्यांची?”

मी फोन धरून उभी राहिले. सव्वीस वर्षं त्यांचं ऐकलं. ते कुठे थांबतील, कुठे श्वास घेतील, बोट कधी वर जाईल, सगळं मला पाठ. पण घरात का राहायचं याची कारणं त्यांनी मला कधी सांगितली नव्हती, आणि मी विचारली नव्हती. मी म्हटलं, “त्यांना इथे बरं वाटतं.”

“हो,” ज्युडिथ म्हणाली. “ते मलाही माहीत आहे.”

ज्युडिथने त्यांना बेसिंगस्टोकच्या एका केअर होममध्ये, म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे, ठेवलं. मी तिथे एकदाच गेले. माझी नात रिया घेऊन गेली, नवीन लायसन्स, मोटरवेवर सत्तरच्या वर जायची नाही. होम स्वच्छ होतं. ज्युडिथचं घर तिथून दहा मिनिटांवर, ती रोज ऑफिसवरून येते. मिस्टर फेन्टनच्या अंगावर मांस आलं होतं. दाढी गुळगुळीत. हे सगळं मी पाहिलं, कारण ते तिथे होतं. मी मनातून चिंध्या झालेला माणूस शोधायला गेले होते, तो मला मिळाला नाही.

त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. खोलीत पुस्तकं पाच होती. मी एक उघडून समोर धरलं, त्यांनी ते मिटवून माझ्याच मांडीवर ठेवलं, आपण पाहुण्याला देतो तसं. रिया त्यांना काय काय विचारत होती, हवा, जेवण. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. दुसरी बाजू नव्हती, पहिलीही नव्हती.

निघालो तेव्हा ते उठले. आम्हाला पोचवायला दारापर्यंत आले, कॉरिडॉरभर, एक हात भिंतीला लावून. ते दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. तिथल्या मुलीने आकडे दाबले, दार उघडलं, आणि मिस्टर फेन्टन पुढे होऊन ते आमच्यासाठी धरून उभे राहिले. मी बाहेर पडताना त्यांनी माझ्या कोपराखाली हात दिला.

“सांभाळून,” ते म्हणाले. “पायरी आहे.”

पायरी नव्हती. गुळगुळीत, व्हीलचेअरसाठी केलेला उतार होता. पायरी कॉव्हेंट्रीच्या दाराला आहे.

मी पाय उचलून खाली टाकला, पायरी असल्यासारखा.

गाडीत बसून वळून पाहिलं तर दार लागलं होतं आणि ते काचेमागे हात वर करून उभे होते, घरधनी पाहुण्यांची गाडी निघेपर्यंत थांबतो तसे. रिया म्हणाली, “आजी, त्यांना वाटते हा त्यांची घर आहे.”

मी म्हटलं, “बेल्ट लाव.”